काळ्या पाण्याचे काळेकाका

काळेकाकांच्या बोटांना ठसे नव्हते. हे मला मिलमधल्या पहिल्याच दिवशी कळलं आणि मी हबकलेच. गेटवर हजेरीचं यंत्र नवीन बसवलं होतं. रांगेत माझ्यापुढे एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी अंगठा ठेवला, यंत्राचा दिवा लाल झाला. तर्जनी ठेवली, पुन्हा लाल. दहाच्या दहा बोटं ठेवून झाली. मग ते वॉचमनकडे वळून शांतपणे म्हणाले, "सांगितलं होतं ना, मी नाहीच आहे म्हणून. लिही आता वहीत." मी न राहवून त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं गोटीसारखी गुळगुळीत होती आणि नखं मुळापासून काळपट तपकिरी. माझी नजर ओळखून ते म्हणाले, "ठसे टाकीत विरघळले, मॅडम. एखाद्या खोक्याच्या कागदात उमटले असतील, बघा शोधून."

आमची मिल घोटीच्या पुढे. भाताचा पेंढा आणि उसाचं चिपाड कॉस्टिक सोड्यात शिजवायचं, त्याचा लगदा करायचा आणि लगद्यापासून खोक्यांचा तपकिरी कागद. लगदा बाजूला काढला की मागे उरतं ते काळं पाणी. डांबरासारखं काळं, साबणासारखं बुळबुळीत, आणि वास असा की अंघोळ केली तरी केसांत राहतो. कागदोपत्री त्याचं नाव 'ब्लॅक लिकर'. मी घरी सांगितलं की मला लिकरवर काम करायचंय, तेव्हा आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं होतं. हे काळं पाणी साठवणं, उपसणं, टाक्या आणि पंप सांभाळणं हे काळेकाकांचं खातं. निवृत्तीनंतरही त्यांना दरवर्षी कंत्राटावर परत घेत, कारण ते काम दुसरं कोणी मागत नसे.

काळे हे त्यांचं आडनाव असणार असं मी धरून चालले होते. सहा महिन्यांनी सुरक्षा प्रशिक्षणाचे फॉर्म गोळा करताना एका फॉर्मवर 'दत्तात्रय भिकाजी गोरे' असं नाव दिसलं. हे कोण म्हणून विचारलं तर सगळं खातं हसायला लागलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी जाऊन त्यांची माफी मागितली. "अगं, माफी कसली?" ते म्हणाले. "गोरे नावाचा माणूस ह्या खात्यात दोन दिवस टिकला नसता. मनमाडला मूळ गावी गेलो की गोरे. इथं काळे. दोन्हीकडं खरं काय ते कोणी विचारत नाही." ते वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून ऐकलं.

पाणी पारखायची त्यांची रीत पाहून माझ्यासारख्या एम.एस्सी. झालेल्या मुलीच्या अंगावर काटा यायचा. टाकीच्या नळातून दोन थेंब बोटावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "बाराच्या वर गेलंय. कॉस्टिक जास्त पडलं." मी प्रयोगशाळेत पीएच मीटर लावायची आणि मीटर निमूटपणे त्यांचंच म्हणणं सांगायचा. एकदा मीही बोट पुढे केलं, तर त्यांनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली. "हातमोजे," ते एवढंच म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही तर... "माझं झालं ते झालं. तुझ्या हाताला हे लागलं तर मी उद्यापासून यायचा नाही." पुढे एका सकाळी मी घाईत हातमोजे विसरले, तर त्यांनी चालू पंप बंद केला. खात्यातली वीस माणसं माझे हातमोजे येईपर्यंत उभी होती. मला तेव्हा वाटलं, किती माया लावतो हा माणूस. ती माया कुठून आली होती ते कळायला मला दोन वर्षं लागली.

मला तिथं घेतलं होतं ते एका नव्या कामासाठी. काळ्या पाण्यात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. पेंढ्याच्या काडीला ताठ धरणारा, तिचे धागे एकमेकांना चिकटवून ठेवणारा. कागदाला तो नको असतो, म्हणून शिजवून काढून टाकतात. पण तोच वेगळा करून वाळवला तर खनिज तेलापासून बनणाऱ्या कितीतरी रसायनांच्या जागी वापरता येतो. प्लायवूडच्या गोंदात, सिमेंटच्या मिश्रणात, रंगांमध्ये. मी हे पाटीवर आकृत्या काढून समजावत होते. काळेकाका दारात उभे राहून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे असं ना, की पेंढ्याला उभं राहायची जी ताकद होती, ती आपण इतकी वर्षं गटारात घातली आणि आडवं पडलेलं तेवढं विकलं?" मी पाटीवरचं सगळं पुसलं. पुढे कोणी पाहुणे आले की मी त्यांचं हेच वाक्य सांगायची.

काम मात्र सरळ नव्हतं. बॉयलरच्या धुराड्यातला वायू काळ्या पाण्यात बुडबुड्यांनी सोडायचा, त्यानं पाण्यातल्या कॉस्टिकचा जोर उतरतो आणि लिग्निन तपकिरी गाळासारखं खाली बसतं. पुस्तकात असं होतं. आमच्याकडे खाली बसायचा तो लिबलिबीत थुलथुलीत गोळा. भाताच्या पेंढ्यात वाळूचा अंश फार असतो, तो लिग्निनबरोबर बाहेर पडून सगळ्याची जेली करायचा. गाळणीचं कापड दहा मिनिटांत बंद व्हायचं. पाच महिने आम्ही कापडं बदलत राहिलो. मॅनेजर साहेबांनी एक दिवस सरळ सांगितलं, "महिनाभर बघू. नाहीतर हे बंद." त्या दुपारी मी जिन्यावर बसून रडले.

काळेकाकांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "गमबूट घाल. चल." ते मला मिलच्या मागे घेऊन गेले. तिथे एक जुनं, वापरात नसलेलं तळं होतं. पूर्वी काळं पाणी त्यात साठवत. आता ते कोरडं पडून भेगाळलं होतं. काकांनी काठाशी फावडं मारलं आणि एक ढेकूळ उचलून माझ्यासमोर धरलं. वर तपकिरी थर, आणि त्याच्या खाली, अगदी वेगळा, पांढरट कडक थर. "बघ. हे कोणी गाळलं? कोणीच नाही. वर्षानुवर्षं हवा लागत गेली. हळूहळू. आधी पांढरं बसलं, मग तपकिरी. आपण दोन्ही एकदम खाली ओढतोय, म्हणून ते एकमेकांच्या गळ्यात पडतं." मी त्या ढेकळाकडे पाहतच राहिले. उत्तर आमच्या भिंतीपलीकडे पडून होतं. त्या आठवड्यात आम्ही वायू अर्ध्यावर थांबवला, पाणी गरम ठेवलं, पांढरं आधी बसू दिलं, ते गाळून मग पुढचा वायू सोडला. पहिल्यांदाच गाळणीवर कोरडी, कॉफीच्या पुडीसारखी तपकिरी भुकटी उरली.

"तुम्हाला ह्या तळ्याचं इतकं कसं माहीत?" मी विचारलं होतं. फावडं झाडत ते म्हणाले, "जुनी ओळख आहे आमची." आणि पुढे चालू लागले.

आमचं लिग्निन घातलेला गोंद नाशिकजवळच्या एका प्लायवूडच्या कारखान्याने वापरून पाहिला. असं प्लायवूड उकळत्या पाण्यात टाकून ठेवतात; गोंद कच्चा असेल तर पापुद्रे सुटतात. पहिल्या खेपेला ते वहीच्या पानांसारखे सुटले. चौथ्या खेपेला नाही सुटले. तो तुकडा मी काकांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो कडेनं दाबला, वाकवून पाहिला, आणि नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं. मी समजले की त्यांना आनंद झालाय. आनंदाखेरीज आणखी काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं गाव मिलच्या खालच्या अंगाला, त्याच ओढ्यावर. मी दुसरीत असताना एका पावसाळ्यात ओढ्याला काळं पाणी आलं. वर पिवळट फेस, आणि फेसात पांढरी पोटं वर करून मासे. आमच्या चार म्हशी होत्या. गुराख्याला कळायच्या आत त्या पाण्यावर गेल्या. दोन त्याच दिवशी पडल्या, उरलेल्या दोन आठवडाभराने. विहिरीचं पाणी तीन वर्षं चहाच्या रंगाचं होतं. आई हंडे घेऊन टेकडीपलीकडे जायची. दुधाचा धंदा गेला, तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राख उपसायच्या कंत्राटी कामाला लागले आणि आम्ही नाशिकरोडला एका खोलीत राहायला आलो. तिथल्या कॉलेजात मी रसायनशास्त्र निवडलं ते त्या पाण्यामुळेच. ते काळं का होतं हे मला कळून घ्यायचं होतं. नाना पुढे गावी परतले. मी त्याच मिलमध्ये नोकरी धरली म्हणून ते माझ्याशी महिनाभर बोलले नव्हते.

प्रयोग जमल्यावर मिलने मोठा प्रकल्प टाकायचं ठरवलं. त्यासाठी जनसुनावणी ठेवली गेली, घोटीच्या एका मंगल कार्यालयात. भर दुपार, पंखे गरगरतायत, समोर खालच्या गावांतली तीनशे माणसं. व्यासपीठावर सरकारी अधिकारी, आमचे मॅनेजर साहेब, आणि आकृत्या घेऊन मी. तिसऱ्या रांगेत नाना. काळेकाका अगदी मागे, दाराजवळ.

मी सगळं समजावून सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते, पण विश्वास कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. मग नाना उठले. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. "पोरगी हुशार हाय," ते मॅनेजर साहेबांना म्हणाले. "ती सांगती ते खरं आसंल. पन मागं आमच्या वड्याला काळं पानी आलं, त्याचं काय? आमच्या म्हशी काय नवस फेडाया मेल्या?"

मॅनेजर साहेब तेव्हा मिलमध्ये नव्हतेच. त्यांनी फाइल उघडून वाचलं, "त्याची चौकशी झालेली आहे. अतिवृष्टीत तळ्याची झडप निकामी होऊन पाणी सुटलं. तो अपघात होता. आमच्या कारखान्यानं जाणूनबुजून कधीही..."

"झडप निकामी झाली नव्हती."

आवाज मागून आला. सगळ्या माना वळल्या. काळेकाका उभे होते.

"झडप चांगली होती, साहेब. मी उघडली होती."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माझ्या हातातली आकृत्या दाखवायची छडी खाली पडली, तिचा आवाजही मला ऐकू आला. अधिकारी म्हणाले, "आपण कोण? पुढे येऊन बोला." काका पुढे आले. माईक त्यांनी घेतला नाही.

"तळं काठोकाठ भरलं होतं. बांध फुटेल अशी भीती होती. तेव्हाचे साहेब म्हणाले, पाऊस आहे तोवर थोडं सोड, वाहून जाईल. मी सोडलं. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. ओढ्याचं पाणी उतरलं. तेव्हा मी झडप बंद करायला हवी होती. केली नाही. आणखी दोन दिवस उघडी ठेवली."

"का?" हे विचारणारा आवाज नानांचा होता.

काकांनी नानांकडे पाहिलं. "तळं रिकामं होत होतं. मला बरं वाटत होतं." त्यांनी एक श्वास घेतला. "साहेबांनी एक दिवसाचं सांगितलं होतं. पुढचे दोन दिवस माझे. नंतर झडप मीच हातोडीनं तोडली, चौकशीसाठी."

मंगल कार्यालयात पहिल्यांदा कोणीच ओरडलं नाही. मग एकदम सगळे ओरडले. खुर्च्या पडल्या, पोलीस पुढे आले, सुनावणी तहकूब झाली. त्या गोंधळात मी व्यासपीठावर तशीच उभी होते. ज्या माणसाने मला हातमोज्याशिवाय नळाला हात लावू दिला नव्हता, त्यानेच आईच्या डोक्यावर हंडा दिला होता. ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र बसेनात.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घोटीतल्या घरी गेले. भांडायला गेले होते. दार काकूंनी उघडलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. "तुलाही माहीत नव्हतं ना?" त्यांनी मलाच विचारलं. "इतकी वर्षं एका ताटात जेवलो. मला नाही सांगितलं गं ह्यांनी." आत काका खाटेवर बसले होते. कंत्राट त्याच संध्याकाळी रद्द झालं होतं.

"तुम्हाला माहीत होतं, मी कुठल्या गावची?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"तुझ्या अर्जावर वाचलं होतं."

"म्हणून शिकवलंत मला? म्हणून हातमोजे? प्रायश्चित्त म्हणून?"

त्यांनी तळहात उलटे करून आपली बोटं पाहिली. मग म्हणाले, "पहिले दोन महिने म्हणून. नंतर तू चांगली होतीस म्हणून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस. आणि ते काम झालं नसतं." आणि मग, हळू आवाजात, "हे काही कारण नाही. भीती वाटली."

मी निघाले. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांना एकही कठोर शब्द बोलले नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

सुनावणी पुन्हा झाली. ह्या वेळी गावाने अटी लिहून आणल्या होत्या. ओढ्याकडची जुनी झडप सिमेंट ओतून बुजवायची. नवा प्रकल्प ओढ्यात एक थेंब सोडणार नाही. आणि गावाची पाच माणसांची देखरेख समिती, जी केव्हाही न सांगता मिलमध्ये शिरेल. अधिकाऱ्यांनी मान्य केलं. मॅनेजर साहेबांनाही करावं लागलं. समितीची नावं सांगायला नाना उठले. स्वतःचं नाव सांगितलं, सरपंचबाईंचं सांगितलं, आणखी दोन. पाचवं नाव सांगताना त्यांनी कागदात बघितलं नाही.

"दत्तात्रय गोरे. काळेकाका म्हनत्यात त्यांना."

मला वाटलं, नानांची काही गफलत झाली. मागच्या एका तरुणानं ओरडून विचारलं, "नाना, त्याला माफ केलं काय?"

"माफ नाय केलं," नाना म्हणाले. "करनारबी नाय. पन पानी कुठून चोरून निघतं ते त्यालाच ठावं हाय. आपल्याला शेकडो वरीस शोधून घावायचं नाय."

त्या दिवसापासून मिलच्या माणसांनी एक नवल पाहिलं. ज्या काकांना काढून टाकलं होतं ते दर मंगळवारी गेटमधून आत यायचे, गावचे सभासद म्हणून, आणि वॉचमन उठून उभा राहायचा. सोबत नाना. दोघं ओढ्याच्या काठाने मिलच्या भिंतीला वळसा घालत. बोलणं जवळजवळ नसेच. काका काठीने जमीन ठोकत, एखादं झुडूप बाजूला करत, आणि नाना वहीत लिहीत. एकदा मी पाहिलं, चिखलात काकांचा पाय घसरला तेव्हा नानांनी दंडाला धरून त्यांना सावरलं आणि लगेच हात काढून घेतला. मी काकांशी पुन्हा बोलू लागले ते साधारण तेव्हापासून. आधी कामापुरतं, मग चहापुरतं.

प्रकल्प उभा राहिला. रोज पोत्यांनी तपकिरी भुकटी बाहेर जाऊ लागली, पांढरा गाळ विटांच्या भट्टीवाले नेऊ लागले. पाहुणे येत, फोटो काढत. मी प्रयोगशाळेची प्रमुख झाले. कामं इतकी वाढली की सह्या करायला वेळ पुरेना.

गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, एका शुक्रवारी सकाळी काका एकटेच आले. "गमबूट घाल," म्हणाले. भिंतीच्या पश्चिमेला, नव्या टाक्यांच्या मागे, त्यांनी माती उकरून ठेवली होती. खाली एक नळी चकाकत होती. तोंड ओढ्याकडे.

"ही पावसाच्या पाण्याची," मी म्हटलं. "नकाशात आहे."

"पावसाच्या पाण्याला स्टेनलेस स्टीलची नळी कशाला? सिमेंटचा पाइप टाकतात. स्टील कशासाठी टाकतात ते तुला मी सांगायचं?"

मी धावत कचेरीत गेले आणि नकाशांचा गठ्ठा काढला. नळी होती. काळ्या पाण्याच्या नव्या टाकीपासून निघून थेट ओढ्यापर्यंत. खाली 'तपासले' असं लिहून एक सही होती. ती माझी होती. एका दुपारी मी बावीस-तेवीस नकाशांवर एकामागून एक सह्या ठोकल्या होत्या, तो त्यातलाच एक. मॅनेजर साहेबांना विचारलं तर ते अगदी सहज म्हणाले, "आणीबाणीसाठी आहे हो ती. वापरायची थोडीच आहे! आणि सही तर तुमचीच आहे." धमकी म्हणून नाही, आठवण करून द्यावी तसं.

मी काकांकडे परत आले. ते उकरलेली माती पायाने सारखी करत होते. "काका, मी काय करू?"

"मला नको विचारूस." पहिल्यांदाच त्यांचा आवाज तुटक झाला. "मी विचारलं होतं एकाला. तो म्हणाला, गप्प बस, कोणाला कळतंय. किती हलकं वाटलं होतं मला!" मग म्हणाले, "समिती मंगळवारी आहे. तोवर मी कोणाला सांगत नाही. तुझ्या नानांनाही नाही. मंगळवारी तू सांगितलंस तर मला बोलावं लागणार नाही."

रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. काका अंगणात दात घासत होते, तिथेच खाली बसले. दवाखान्यात न्यायच्या आत संपलं होतं. मी घोटीला पोचले तेव्हा त्यांना खाली ठेवलेलं होतं. नाना माझ्याआधीच आले होते, भिंतीला टेकून उभे होते. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. रडू येत नव्हतं. आणि त्या अवस्थेत माझ्या मनात जो विचार आला तो लिहायचा नाही असं मी अनेकदा ठरवलंय. तो असा होता, की आता त्या नळीचं गावात कोणालाच माहीत नाही. क्षणभर, अगदी खरंच सांगते, मला हलकं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी मी इतकी दचकले, की शेजारच्या बाईने मला चक्कर येतेय असं समजून धरलं.

मंगळवारी समिती बसली. चारच माणसं. सरपंचबाईंनी काकांसाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सगळे बसल्यावर मी बसले नाही. नळीचं सांगितलं, जागा सांगितली, नकाशा टेबलावर उलगडला. मॅनेजर साहेबांचा चेहरा पांढरा पडला. नानांनी चष्मा लावून नकाशावर बोट फिरवलं आणि ते बोट खालच्या कोपऱ्यात येऊन थांबलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

"ही सही कोनाची?"

"माझी, नाना."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, सुनावणीच्या दिवशी काळेकाकांकडे बघितलं होतं तसंच. मला वाटलं, आता इथून पुढे मी त्यांची मुलगी राहणार नाही.

नळी दुसऱ्या दिवशी गावासमोर कापली. मॅनेजर साहेबांची बदली झाली. माझं प्रमुखपद गेलं, नोकरी राहिली. गावाने तसा आग्रह धरला असं मागाहून कळलं. घरी नाना तीन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"येत्या मंगळवारी वड्याकाठनं फिरायचंय," ते म्हणाले. "मला एकट्याला नाय जमत. त्यांनी काय काय बघितलं आसतं, ते तुला ठावं आसंल."